हत्तीची होडी

आमच्या मामांनी केलेली एकही वस्तू जमिनीवर नीट उभी राहिली नाही आणि पाण्यात बुडाली नाही. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. रत्नागिरीच्या खाडीकाठी आमची वाडी, आणि वाडीत होड्या बांधणारे ते एकटेच. बायको नाही, पोर नाही, राहायचे बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे. त्यांना पाळणा करायला सांगितला की त्याला खालून होडीची गोलाई यायची. पाट सांगितला की तो बसल्यावर डुलायचा; माझे सासरे सारी हयात डुलत डुलत जेवले. माझ्या लग्नात त्यांनी चौरंग करून दिला. भटजींनी त्यावर कलश ठेवला, तो दोनदा कलंडला. भटजी म्हणाले, "अहो, हा हलतो." मामा म्हणाले, "हलायलाच पायजे. न हलनारी वस्तू लाटंत फुटते." मांडवात लाट कुठून यायची, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही.

माणसंही त्यांना होड्यांसारखीच दिसत. शेजारची काकू मागून जड, तलाठी म्हणजे नुसतं शीड, खाली माल नाही. मी नवी नवरी म्हणून उंबऱ्याशी उभी होते, तर हे पुढे आले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बहिणीला म्हणाले, "नाळ बरी हाय. वारा सोसंल." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मला फार राग आला होता. पण पुढे चाळीस वर्षांत माझ्याबद्दल याहून बरं कुणी काही बोललं नाही, म्हणून राग सोडून दिला.

त्यांना माप लागायचं ते स्वतःच्या अंगाचं. दोन्ही हात पसरले की एक वाव, बोटं ताणली की एक वीत. पट्टी, टेप असल्या वस्तूंना ते हसत. माझ्या पेटीत शाळेतली फूटपट्टी होती. मी चौथी पास झालेली, ती पट्टी सासरी घेऊन आले होते. ती पाहून म्हणाले, "लाकडानं लाकूड मापायचं? मग मानूस कशाला?" या हट्टानंच त्यांचा घात केला. एक मोठा मचवा बांधायला घेतला, त्याची डावी बाजू पावसाळ्याआधी मापली आणि उजवी पावसाळ्यानंतर. मधल्या दिवसांत त्यांचा खांदा धरला होता. हात पुरता पसरत नव्हता, म्हणजे वाव चार बोटं आखूड झाली होती, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. नारळ फोडून मचवा पाण्यात ढकलला, तो बुडाला नाही, पण दमलेल्या म्हशीसारखा एका कुशीवर कलला. सारी वाडी बघत होती. नारू म्हणून एक जाळीवाला होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "मामा, तुमच्या मचव्याला झोप आली वाटतं." सगळे हसले. मी पण हसले, खोटं कशाला सांगू.

मामा घरी आले, हत्यारांची पेटी बंद केली आणि तिच्यावर तांदळाची टोपली ठेवली. दोन वर्षं ती टोपली तिथून हलली नाही. होड्यांची कामं खाडीपलीकडे जायला लागली. मामा पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या होड्या बघत आणि एकीलाही नावं ठेवत नसत. ते नावं ठेवीनासे झाले तेव्हा मला काळजी वाटली.

माझे यजमान मुंबईला एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामावर होते. एका शिमग्याला ते आगबोटीने आले तेव्हा आमच्या शेवंतीसाठी एक चित्रांचं पुस्तक घेऊन आले. ती चार वर्षांची. पुस्तक छापखान्यातलं टाकाऊ, शेवटची पानं त्याला नव्हतीच. पण चित्रं अशी रंगीत की वाडीतली माणसं हात धुऊन बघायला यायची. चार दिवसांत ते पुस्तक मामांचं झालं. पासष्टीचा माणूस, मांडीवर धोतराचं टोक पसरून त्यावर पुस्तक ठेवायचा, आणि शेवंतीने पान उलटायचं म्हटलं तर "थांब गो, माझं बघून नाय झालं" म्हणायचा. त्यात चष्मा लावलेलं एक माकड होतं. त्याला बघून मामा रोज हसायचे, खोकला लागेपर्यंत. माकड तेच, चष्मा तोच, हसू मात्र रोज नवं.

त्यांना वाचता येत नव्हतं. घरात वाचता येणारी मी एकटी. मग रोज उन्हं उतरली की मला पडवीत बोलावणं. सासूबाई आतून म्हणायच्या, "सुनेनं पुस्तक धरलं, आता भात करपनार." मामा म्हणायचे, "करपू दे. करपलेला मी खातो. वाच गो तू." त्या पडवीत मी पहिल्यांदा मोठ्या माणसांसमोर मोठ्याने बोलले, आणि ऐकायला अंगणात पाचसात माणसं उभी असायची. माझी मान तेव्हा जी ताठ झाली ती अजून तशीच आहे.

गोष्ट अशी होती. एक हत्ती असतो, त्याची मावशी नदीपलीकडे राहते. त्याला तिच्याकडे जायचं असतं. माकड म्हणतं, माझ्या होडीत तू मावणार नाहीस. अस्वल म्हणतं, माझी होडी नवी आहे. शेवटी एक म्हातारं कासव म्हणतं, ये बाबा. 'हत्तीने होडीत एक पाय ठेवला. होडी कलली आणि' इथे पुस्तक संपायचं. 'आणि' वर.

शेवंती विचारायची, "आणि काय?" मी सांगायचे, पुढचं पान नाही. "बुडला?" मला काय ठाऊक. ती जेवताना विचारायची, निजताना विचारायची. मामांना विचारायची तेव्हा ते चित्राकडेच बघत बसायचे. कललेली होडी, आणि तीरावर हसणारी सगळी जनावरं. मी एकदोनदा ते पान सोडून द्यायला बघितलं. त्यांनी सोडू दिलं नाही.

एका सकाळी मी तांदूळ काढायला गेले तर टोपली जमिनीवर आणि पेटी उघडी. मामा लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत होते. मला म्हणाले, "हत्तीची चूक नाय. होडी बांधनाऱ्यानं हत्ती ध्यानात घ्यायला पायजे व्हता."

आधी लाकडाचा हत्ती करायचा ठरला, कारण वजन कळल्याशिवाय होडी कशी बांधणार? होडीत किती खंडी माल मावतो हे मामांना झोपेतही सांगता आलं असतं, पण हत्ती किती खंडीचा? वाडीत कुणी हत्ती बघितलाच नव्हता. नारू मलबारापर्यंत जाऊन आला होता. तिथल्या बंदरात त्याने हत्तीला ओंडके ओढताना पाहिलं होतं. तो म्हणाला, "भरल्या मचव्याएवढा धरा." मामांनी पांगाऱ्याच्या लाकडाचा वीतभर हत्ती कोरला, पोटात पोकळी ठेवून तीत जाळ्याला लावायचे शिशाचे गोळे भरले. हत्ती सुरेख झाला. फक्त त्याचा एक सुळा अर्धा होता. मी म्हटलं, "मामा, चित्रात दोन्ही सुळे अख्खे आहेत." ते म्हणाले, "चित्रवाल्याला काय कळतं? मी दरसाल हेदवीला जातो. गनपतीचा एक दात मोडका असतो, ठाव नाय तुला?"

झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हत्तीला कुंकू लावलं, जास्वंद वाहिली आणि बजावलं, "दादा, याला पान्यात न्यायचं नाय. भादव्याशिवाय विसर्जन करतात काय?" मामा म्हणाले, "अगो, हत्ती हाय तो." "दात बघ त्याचा," सासूबाई म्हणाल्या. दोन दिवस भाऊबहीण बोलले नाहीत. मग मामांनी करवंटीचा तुकडा घासून मोडक्या सुळ्याला जोडला, कुंकू पुसलं आणि बहिणीपुढे धरला. "आता?" सासूबाईंनी निरखून पाहिलं. "आता जनावर," त्या म्हणाल्या आणि फूल काढून घेतलं.

मग होडी, हातभर लांबीची. फळ्या कापायच्या वेळी मामा माझ्याजवळ आले, दुसरीकडे बघत म्हणाले, "सुनबाय, ती तुझी पट्टी हाय काय?" मी पट्टी काढली. मी मापायचं, आकडा सांगायचा, त्यांनी कापायचं. उजवी बाजू एके ठिकाणी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरली. सांगू की नको असं झालं मला. मग सांगितलं. त्यांनी फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "एक सूत?" मी म्हटलं, "एक सूत." त्यांनी ती फळी चुलीत टाकली आणि नवी घेतली. फटींत कापूस आणि राळ भरली, डोलकाठी उभी केली, शीड लावलं.

भरतीच्या वेळी, भर दुपारी धक्क्याच्या पायऱ्यांवर वाडी जमली. मचवा कलला तेव्हा होती तीच माणसं. शेवंती मामांचं धोतर धरून उभी. मामांनी होडी पाण्यात सोडली. हत्ती मधोमध ठेवला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. त्यांनी तो अगदी कडेवर ठेवला, चित्रातल्यासारखा. होडी कलली. पाणी काठापर्यंत आलं. माझ्या हातात पट्टी होती, ती मी इतकी घट्ट धरली की तळव्यावर रेघ उठली. होडी तशीच थांबली, आणि मग सावकाश, काही घाई नसल्यासारखी, सावरली. पाणी काठाखाली गेलं. हत्ती कडेवर उभा, आणि होडी तरंगतेय.

नारू पायरीवर वाकून होडी निरखत राहिला. मग म्हणाला, "मामा, माझी होडी जुनी झालीय. नवी बांधायची हाय."

"हत्ती बसवायचाय?"

"नाय."

"मग कोनीबी बांधून देल. माझ्याकडं कशाला आलास?" असं म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी नारूच्या अंगणात फणसाचं लाकूड हुंगत उभे होते. त्यानंतर त्यांनी पाच होड्या बांधल्या. पट्टी मला परत मिळाली नाही.

पुढच्या शिमग्याला यजमानांनी तेच पुस्तक आणलं, पुरं. मी आधी एकटीने शेवटचं पान वाचलं. हत्ती घाबरून होडीतून पाय काढतो, पाण्यात उतरतो, तर पाणी गुडघाभरच. तो चालत जातो आणि सगळे होडीला हसतात. चित्रात हत्ती पाण्यात उभा, होडी मागे रिकामी.

पडवीत शेवंती आणि मामा बसले होते. मी वाचलं, "होडी कलली आणि सरळ झाली. हत्ती पार गेला."

मामांनी पान आपल्याकडे ओढलं. "हा तर पान्यात उभा हाय."

"पोचल्यावर उतरला. मावशीकडे जायचं म्हणून पाय धुतोय."

त्यांनी चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. "चौथीत एवढं शिकवतात?" म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

मामा गेले त्याला आता खूप वर्षं झाली. होडी माझ्या फळीवर आहे. टेकण दिल्याशिवाय उभी राहत नाही. शेवंती पुढे स्वतः वाचायला शिकली. एक दिवस तिने ते पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मामांसारखंच पुस्तक मिटलं. तिच्या मुलांना तिने ते पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा मी स्वयंपाकघरात कान देऊन होते. हत्ती होडीतूनच पार गेला.