नाक खुपसलं म्हणून

माझ्या धाकट्या बहिणीचं नाकाडी हे नाव मीच ठेवलं. ती चार वर्षांची, मी सहाची. खोटं कशाला बोलू, नाक होतंच तसं. आधी नाक दारात यायचं, मग ती. फोटो काढायचा म्हटलं की आई ओरडायची, "समोर बघ गं, बाजूने नको!" घरातल्या एकाही फोटोत ती बाजूने उभी नाही. पण दूध नासणार हे तिला आदल्या संध्याकाळी कळायचं, आणि बाबांनी चोरून ओढलेली सिगारेट तर जिन्यातूनच.

शिक्षण बेताचं, म्हणून ती बंदराजवळच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. होडी रोज समुद्राचं पाणी आणते, एक मशीन त्यातला वायू मोजतं, आणि रिकाम्या बाटल्या हिच्या सिंकवर येतात. तीन ब्रश, एक साबणाचं घमेलं आणि हाताला बारमाही भेगा. मी एकदा म्हटलं, "खारं पाणी मोजून कुठले दिवे लावता गं?" तर खवळलीच.

"त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव असतात. ते मेले, नाहीतर कुणी खाल्ले, की वायू सुटतो. कोबी उकडल्यासारखा वास येतो त्याला. तो वर गेला की हवेत त्याचे बारीक कण होतात. वाफेला टेकायला काहीतरी लागतंच ना? ती त्या कणांवर बसते, थेंब होतो, थेंबांचा ढग होतो. आणि पांढरा ढग ऊन परत वर धाडतो, म्हणून खाली आपण कमी भाजतो."

"म्हणजे ढग कोबीचे?"

"सगळे नाही. समुद्रावरचे बरेचसे," ती म्हणाली आणि फणकाऱ्याने उठून गेली.

गेल्या वर्षी, नेहमीची तपासणी होऊन मागचा एक जोड बदलला त्याच आठवड्यात, ते मशीन शून्य दाखवायला लागलं. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. बाहेर पाणी हिरवंगार आणि आकडा शून्य. तंत्रज्ञ पुन्हा आला, "मशीन ठणठणीत आहे" म्हणाला आणि गेला. झालं! वरून पत्र आलं: इथे वायूच नसेल तर महिनाअखेर मोजणी बंद. नाकाडी कामाला लागली त्याच वर्षी ती नोंद सुरू झाली होती. सव्वीस वर्षं. "वादळात होडी निघाली नाही तेव्हा धक्क्यावरून बादली सोडून पाणी काढलं गं आम्ही," ती सांगत होती, "एक दिवस खाडा नाही." नाक लाल होईपर्यंत रडली. मी टोमणा न मारता चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाटल्यांचे ट्रे आणणारी बाई रजेवर होती, म्हणून नाकाडी स्वतः मशीनच्या खोलीत गेली. आणि दारातच थबकली. कोबी!

"सर, इथे वास येतोय," ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हणाली.

"समुद्राच्या पाण्याला वास येणारच, मावशी." मावशी म्हणे! तिच्याहून दोन वर्षांनी लहान असतील फार तर.

"पण खोलीत का येतोय? तो नळीतून मशीनमध्ये जायला हवा. इथे येतोय, म्हणजे तिथे पोचत नाही."

"तंत्रज्ञाने बघितलंय सगळं. तुम्ही उगाच नाक खुपसू नका."

हे आमच्या नाकाडीला म्हणायचं! तिने खरंच खुपसलं. मशीन आणि भिंतीच्या फटीत डोकं घालून ती नळीवरून हुंगत हुंगत गेली आणि त्या नव्या जोडापाशी थांबली. सरांचा आवाज चढला. तिने सिंकवरून मूठभर फेस आणला आणि जोडावर थापला. एक बुडबुडा फुगला. मग दुसरा.

सरांचा आवाज खाली आला. त्यांनी स्वतः जोड आवळला, सकाळचीच एक बाटली लावली. आकडा हलला, चढला, चढतच गेला. सव्वीस वर्षांत एवढा मोठा आकडा आला नव्हता. मोजणी बंद करायचं पत्र आठवड्यात मागे घेतलं. अकरा दिवस गेले ते गेलेच, त्याची चुटपुट तिला अजून आहे. पण सरांनी नोंदवहीत एक नवा रकाना आखलाय, 'खोलीतला वास', आणि त्यात रोज सही हिची असते. हल्ली मावशी म्हणत नाहीत, बाई म्हणतात.

त्यांनीच तिचा एक फोटो काढला, नळीवर वाकलेली असताना. मी तो मोठा करून घेतला आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला पहिला दिसेल असा लावला. खिळा मीच ठोकला. आई चष्मा पुसून पुसून बघत राहिली.

"अगं, हा तर बाजूने काढलाय!"

"हो," मी म्हटलं. "नाक दिसायला नको?"