सिस्टर आंटी आणि अध्यक्षांची शिकार

सिस्टर आंटी जेवताना जखमांबद्दल बोलायच्या. समोर सुरमईचं कालवण असो नाहीतर वाढदिवसाचा केक, त्यांना फरक पडत नसे. शिजलेल्या बटाट्यात काटा खुपसून त्या म्हणायच्या, "हे बघ बाय, बाहेरून भोक एवढंच. आत काय झालंय ते बघायचं असतं." आणि शेजारच्याने ताट बाजूला सरकवलं तरी बटाटा फोडून दाखवल्याशिवाय थांबायच्या नाहीत. मूळच्या वसईच्या. कतारमधल्या दोह्यात ऑपरेशन थिएटरच्या नर्स, म्हणून सिस्टर. आम्हा मराठी मंडळींच्या पोरांच्या आंटी. दोन्ही नावं एकमेकांना चिकटली ती कायमची.

आणि या बाई शिकार करायच्या. दरवर्षी रजा मिळाली की नवऱ्याला, म्हणजे आमच्या अंकलना, घेऊन अमेरिकेत भावाकडे जायच्या. तिथल्या उघड्या माळावर, रीतसर परवाना काढून, हरीण नाहीतर प्राँगहॉर्न मारायच्या. प्राँगहॉर्न म्हणजे हरणासारखंच दिसणारं, त्याहून वेगाने पळणारं जनावर. नजर इतकी लांबची की माणसाला ते आधी बघतं. मला शिकार मान्य नाही. तेव्हा नव्हती, आज नाही, हा लेख संपेल तेव्हाही नसेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी एका शिकारी बाईची बाजू घेणार आहे.

मी पुण्यात कॉलेजात असताना प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि सिग्नलला उभी राहून वाटायचे. शिकून दोह्याला परत आले ती बिन महमूद भागातल्या आईबाबांच्या फ्लॅटवर. इथे रस्त्यावर पत्रकं वाटता येत नाहीत, म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक पत्रक टाकलं: 'मौजेसाठी जीव घेणाऱ्यांना सवाल'. लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि गप्प बसले. सिस्टर आंटींचा थेट फोन आला. "सवाल विचारलायस ना? मग उत्तर घ्यायला ये. जेवायलाच ये. तुझ्यासाठी वाल केलेत."

त्या दिवशी अल थुमामाच्या त्यांच्या घरी आम्ही दोन तास भांडलो. मी म्हटलं, "आंटी, तुम्ही दिवसभर माणसं वाचवता आणि रजेत जनावरं मारता. लाज वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "मारते. मटण खातेस ना तू?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी माझ्या ताटात आणखी वाल वाढले आणि म्हणाल्या, "मग तुला बोलायचा हक्क आहे. बोल."

आंटी अंगाने लहानखुऱ्या होत्या. वर्षानुवर्षं पेशंट उचलून एक खांदा कायमचा दुखावलेला. मोठ्या बंदुकीचा धक्का त्याला सोसेना, म्हणून त्या बारीक गोळीची रायफल वापरायच्या. अशा रायफलीत गोळी निवडण्यावर सगळं असतं, हे मला न विचारता ऐकायला लागलं. त्याच मापात दोन जातींच्या गोळ्या मिळतात. एक हलकी, पातळ कवचाची, भन्नाट वेगाची. ती शेतात बिळं करणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी असते आणि लागताक्षणी फुटून भुगा होते. दुसरी वजनदार, जाड कवचाची किंवा सबंध तांब्याची. ती हरणाच्या फासळ्यांतून आत फुफ्फुसापर्यंत शाबूत पोचते. भावाकडे त्या दोन्ही जातींच्या गोळ्या भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात झाडायच्या आणि गठ्ठा पान पान उलगडून बघायच्या. "किती वेगात जाते ते मला नको सांगू. आत गेल्यावर काय करते ते सांग." दुकानदाराला, भावाला, मला, सगळ्यांना त्यांचं हे एकच वाक्य. वारा सुटला की बंदूक खाली. जनावर लांब असलं की बंदूक खाली. कितीतरी वेळा त्या एकही गोळी न झाडता परत आल्या होत्या.

हे सगळं ऐकून आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना उत्साह आला. अध्यक्ष गॅस कंपनीतले मोठे इंजिनियर आणि अंकलचे मॅनेजर. त्यांना भिंतीवर शिंगं हवी होती, म्हणून पुढच्या रजेत तेही आंटी-अंकलबरोबर अमेरिकेला भावाकडे गेले. आधी आंटींची रायफल बघून हसले, "ही तर बायकांची बंदूक!" मग भावाच्या मोठ्या रायफलीने खांद्याला एकदाच दणका दिला, आणि साहेबांनी मुकाट्याने बायकांची बंदूक मागून घेतली. गोळ्या मात्र स्वतः निवडल्या. लॅपटॉपवर एक्सेल उघडून, वेगाच्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा होता ती पेटी. हलकी जात. आंटी म्हणाल्या, "साहेब, ह्या हरणासाठी नाहीत. माझ्यातल्या घ्या." साहेब म्हणाले, "सिस्टर, फिजिक्स आम्हाला शिकवू नका हं!"

पुढचं मला आंटींनी सांगितलं. सकाळी प्राँगहॉर्नचा एक नर उभा होता. साहेबांनी गोळी झाडली. ती खांद्याच्या हाडावर फुटली. वर हातभर जखम, आत काही नाही. जनावर तीन पायांवर पळालं. भाऊ त्याच्या मागे निघाला. साहेब म्हणाले, "जाऊ दे हो, कुठेतरी पडेल. यल्ला, चला, नाश्ता करू." आंटींनी त्यांच्या हातातून रायफल काढून घेतली, आपली गोळी भरली आणि भावाबरोबर रक्ताच्या थेंबांवरून चालत राहिल्या. दुपार झाली तेव्हा ते एका घळीत बसलेलं सापडलं. मान वर होती. त्यांच्याकडेच बघत होतं. आंटींनी ते संपवलं. मग गाडी आली, साहेब उतरले, केस विंचरले आणि शिंगं धरून फोटो काढला.

तो फोटो दिवाळीच्या कार्यक्रमात पडद्यावर आला. अध्यक्ष माइकवर सांगत होते, "एक गोळी, आणि खलास!" टाळ्या झाल्या. सिस्टर आंटी उभ्या राहिल्या. "दोन, साहेब. पहिली तुमची. ती घेऊन ते दुपारपर्यंत फिरत होतं. दुसरी माझी." त्यांच्या शेजारी अंकल बसले होते. त्या माळावर ते होते, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं होतं, आणि ते बुटांकडे बघत बसले.

आता मला खरा राग कशाचा आहे ते ऐका. अंकलचं कॉन्ट्रॅक्ट नूतनीकरणाला आलं होतं आणि सही अध्यक्षांची होती. फ्लॅट कंपनीचा, मुलीच्या शाळेची फी कंपनीची, आणि मुलगी बारावीला. अध्यक्षांनी धमकी दिली नाही. असली माणसं धमकी देत नाहीत. त्यांनी अंकलना चहाला बोलावून एवढंच म्हटलं, "सिस्टरना म्हणावं, ग्रुपवर एक ओळ टाका. गैरसमज झाला म्हणून." आणि मग आमची सगळी शिकलेली, सुसंस्कृत मंडळी आंटींच्या मागे लागली. कोणी म्हणे परक्या मुलखात जमवून घ्यावं. कोणी म्हणे एका जनावरासाठी एवढं काय. एक जनावर! गणपतीत उंदरालासुद्धा हार घालणारी ही माणसं.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते तेव्हा अंकल अक्षरशः विनवत होते. "अगं, एक सॉरी म्हण. एकच शब्द." खोलीतून मुलगी ओरडली, "ममा, जस्ट से इट ना! प्लीज!" आंटी भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "मी सॉरी म्हटलंय. ज्याला म्हणायचं होतं त्याला तिथेच म्हटलं." नळ बंद केला. "आता दुसऱ्या कोणाला म्हटलं तर ते खोटं होईल."

अंकल ओट्याला टेकून उभे होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि ग्रुपवर स्वतः लिहिलं: 'मी तिथे होतो. माझी बायको म्हणते ते खरं आहे.' पाठवलं, फोन पालथा ठेवला आणि फडक्याने ताटं पुसायला लागले. आंटींनी एक ताट त्यांच्याकडे सरकवलं, मग दुसरं.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. ग्रुपवर कोणी एक अक्षर लिहिलं नाही. मुलीची परीक्षा संपली आणि ते वसईला गेले. सामान बांधायला मंडळातलं कोणी आलं नाही. मी गेले. निघताना मी म्हटलं, "आंटी, परत शिकारीला जाणार?"

"परवाना मिळाला तर जाणार."

"मग मी तुमच्याविरुद्ध लिहीन."

"लिही की. कोण अडवतंय? फक्त कोणी मारलं ते स्पष्ट लिही. गोलगोल लिहू नकोस."

तर स्पष्ट लिहिते. त्या प्राँगहॉर्नला सिस्टर आंटींनी मारलं. त्याआधी सकाळभर त्याला मारत होते ते आमचे अध्यक्ष, आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्या आम्ही.