काय वर गेलं, सर?

"आंधळा हायेस, म्हंजे गात असशील. म्हण एखादं भजन."

जालन्याच्या कॉलेजात ॲडमिशनला गेल्तो, तवाची गोष्ट. नव्वदच्या दशकातली. मला अर्थशास्त्र पाहिजे होतं. प्राध्यापक म्हणत होते, संगीत घे. माझा गळा म्हंजे फुटका डबा. पण टेंभुर्णीहून पहिल्या एसटीनं संगं आलेला बा घाबरला. कानाशी लागून म्हणाला, "म्हण रे राजा. सायब म्हणत्येत तर म्हण."

म्हणलो. रांगेतली पोरं खदाखदा हसली. सायबबी हसले. बासुद्धा हसला, त्यांना बरं वाटावं म्हणून. बाचं ते हसणं मला लई लागलं.

बारावीचे मार्क चांगले होते, म्हणून अर्थशास्त्र मिळालं. वर्गात पुन्हा तेच प्राध्यापक. फळ्यावर खडू खर्रखर्र चालायचा अन् तोंडातून एवढंच, "हे बघा, हे असं वर गेलं की हे असं खाली येतं." अरे, काय वर गेलं? काय खाली आलं? ब्रेलची पाटी माझ्या पुढ्यात, टोचणी हातात. टोचू काय, माझं कपाळ? सहामाही तोंडावर आली. मी नापास झालो असतो तर "आम्ही सांगितलंच होतं" म्हणायला हे मोकळे.

एक दिवस उठून उभाच राह्यलो. "काय वर गेलं, सर?"

"तुझ्या एकट्यासाठी शिकवू का मी? म्हणलो होतो, संगीत घे."

वर्ग हसला. माझं डोकंच फिरलं. "भाव गेला का मागणी, एवढं तोंडानं बोलायला जीभ झिजती का तुमची?"

मागून राजूरची एक पोरगी उठली. "सर, आमालाबी कळत न्हाई. आमी नुसतं उतरवून घेतो."

हसणं थांबलं. सरांनी दोघांनाबी वर्गाबाहेर काढलं.

घरी बानं कपाळाला हात लावला. "पाय धर त्यांचे. माफी माग. वरीस वाया जाईल, पोरा."

"न्हाई बा. मी काय भीक मागून राह्यलो का? फळ्यावर लिहिता ते बोला, एवढंच म्हणलो. उद्या पहिल्या बाकावर बसणार. ते 'हे' म्हणले की मी 'काय?' विचारणार. हाकललं तर दारातून विचारणार. पण त्यांच्यापुढं पुन्हा गाणार न्हाई. अन् तूबी पुन्हा तसं हसायचं न्हाई."