तुटला असता तर

आमी दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते अंबाडीची भाजी निवडाचं. ती पानं खुडे, मी काड्या बाजूले टाकू. तिची नखं मले निळी दिसली.

"शाई लागली काय वं?"

"मी कुठं शाळेत गेली शाई लागाले? मोठे मास्तर तुमी, चौथी नापास!" हसता हसता तिले दम लागला. भाजी सुपातच राहिली.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून आत. पोरगा अकोल्यात, मोबाईलच्या दुकानात. त्याले फोन केला, तं त्यानं अमरावतीच्या एका डॉक्टरशी व्हिडिओवर बोलणं जमवून देलं. तोबी अकोल्यावरून त्यातच होता. डॉक्टर मले असा दिसला, का मिशीतले पांढरे केस मोजून घ्या. मले वाटलं, तो आमाले दिसून राहिला तसेच आमी त्याले दिसत असू. समोरासमोर बसल्यावर माणूस दुसरं काय समजन?

"नखं दाखवा," तो म्हणे. तिनं पदराले हात पुसले अन् पुढं केले.

"छान. ठीक आहे सगळं. गॅस असेल."

निळी हायेत, हे माह्या ओठावर आलं होतं. नाही बोललो. शिकलेला तो, पाहणारा तो.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवीच्या दिवशी पोरानं मायचा शेवटचा फोटो दाखवला. डॉक्टरसंगच्या त्याच बोलण्यातला, त्यानं फोनात ठेवलेला. त्याच्यात माय कुठं होती? विटा रचाव्या तसे नुसते चौकोन. हात कोणता अन् पदर कोणता, समजे ना.

"डॉक्टरलेबी असंच दिसलं?"

"हो बाबा," तो खाली पाहून म्हणे. "चित्र थराथरानं जाते. नेट दमदार असलं तं सगळे थर जातात, मरतुकडं असलं तं खालचा एकच, जाडाभरडा. आपल्या गावात चित्र येते ते रुंद वाटेनं, गावातून बाहेर जाते ते अरुंद. पण फोन तुटत नाही, हेच त्याचं कौतुक."

"मंग तू कावून नाही बोलला?"

"मले वाटलं, माह्याच फोनचा दोष. डॉक्टरले बरोबर दिसत असन."

फोन तुटला असता तं मी गाडी करून तिले अमरावतीले नेलं असतं. ते कौतुकच माह्या मुळावर आलं. पोरगा चुकला, मी चुकलो, पण आमी न समजून. त्या डॉक्टरच्या समोर तं चौकोनच होते. "दिसत नाही" एवढं म्हणाले त्याची जीभ झडली होती काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदूरच्या फोटोवाल्याकडून तोच फोटो मोठा करून घेतला. "आजोबा, दुसरा नाही काय? याच्यात तोंडच नाही," तो म्हणे. म्हटलं, हाच पाहिजे. फ्रेम केली, झेंडूचा हार घेतला, एसटीनं अमरावती गाठली. दवाखान्यात नंबर लावला. आत बोलावल्यावर फ्रेम टेबलावर ठेवली.

"पहा, नखं कशी हायेत?"

डॉक्टरनं चष्मा वर-खाली केला. "काका, यात काहीच दिसत नाही."

"हेच त्या दिवशी म्हणाचं होतं."

मी फ्रेम उचलली अन् बाहेर आलो. बाकावर दहा-बारा जण बसले होते. त्यांच्या समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्या खिळ्याले तिले टांगलं अन् हार घातला.