गुलाबबाईंचा देस

निखाऱ्यावर धरलेल्या लाखेला जडसर, गोडूस वास येतो आणि हिवाळ्याच्या सकाळी तो वर न चढता अंगणातच रेंगाळत राहतो. मंचरच्या आमच्या अंगणात तो दरवळला ते स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते. मला सासरी येऊन वर्षही झाले नव्हते.

माझे वडील जुन्नरला शाळामास्तर. त्यांच्या शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात देश गुलाबी रंगाचा होता. सासूबाईंच्या बोलण्यात देश म्हणजे नाणेघाटाच्या वरचा मुलूख. घाट उतरला की कोकण. आणि शेजारच्या गुलाबबाईंच्या घरी, कापडाचे दुकान चालवणाऱ्या त्या जैन कुटुंबात, ‘देस’ म्हणजे मारवाड. तो त्यांच्या आजेसासऱ्यांनी कधीच मागे टाकलेला आणि मंचरातच जन्मलेल्या गुलाबबाईंनी डोळ्यांनीही न पाहिलेला. एकाच शब्दाच्या पोटात इतके मुलूख कसे मावतात, याचे मला तेव्हापासून कुतूहल.

पुण्याहून आलेल्या एका वक्त्याने देवळात सांगितले, ‘देशासाठी विलायती बांगडी टाका.’ माझ्या थोरल्या जाऊबाई, सुंदराबाई, घरी आल्या आणि हाताला तेल लावून त्यांनी हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. सासूबाई उंबऱ्यातच थिजल्या. “अगं, धनी जिता असताना हात मोकळं?”

तेवढ्यात आवाज ऐकून गुलाबबाई आल्या. आपल्या पेटीतल्या लाखेच्या बांगड्या निखाऱ्यावर मऊ करून त्यांनी जाऊबाईंच्या हातात चढवल्या. “ह्या आमच्या देसच्या. विलायती न्हाईत.”

“तुमचा देस म्हंजी आपलाच का वं?” जाऊबाईंनी विचारले.

“मला तरी काय ठावं? मी कुठं बगितलाय?” गुलाबबाई हसल्या.

आठवडा उलटायच्या आत थोरल्या दिरांना ताप भरला. सासूबाईंनी काचेच्या बांगड्या सुनेपुढे ठेवल्या. “घाल. तुजा देश माज्या लेकापरीस मोटा हाय का?”

नवऱ्याच्या कपाळावर ओली घडी ठेवताना जाऊबाईंचा हात त्या हिरव्या काचेकडे जात होता आणि मागे येत होता. शेवटी ग्लानीतूनच दीर पुटपुटले, “ऱ्हाऊ दे गं आई. बांगडीनं का ताप येतोय?” पुढे ताप उतरला; सासूबाईंच्या मनातली अढी मात्र उतरली नाही. सवाष्णींच्या पंगतीत थोरल्या सुनेचे पान त्या अखेरपर्यंत शेवटीच मांडत राहिल्या.

त्याच लाटेत गावातली तरुण मंडळी गुलाबबाईंच्या दुकानापुढे ठाण मांडून बसली. त्यांच्या यजमानांनी विलायती कापडाचे तागे काढून टाकले, हातमागाची लुगडी आणली, दुकान तरले. पण गर्दीतून कोणीतरी ओरडले होते, “जा तुमच्या देसाला!” ते वाक्य पुढे भांडणात, चेष्टेत, मुलांच्या खेळातसुद्धा अधूनमधून उमटत राहिले. जो शब्द जाऊबाईंना सासूपुढे उभे राहण्याचे बळ देऊन गेला, त्यानेच पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्यांना पाहुणे केले. ही दोन्ही बीजे त्यात मुळातच होती, की आम्ही पेरली?

बऱ्याच वर्षांनी गुलाबबाई एका लग्नासाठी मारवाडला जाऊन आल्या. मी उत्सुकतेने विचारले, “कसा आहे तुमचा देस?”

“वाळू लई. मानसं मायाळू. पर माजं बोलनं ऐकून पोरी हसायच्या. समदी मला दखणी म्हनायची.”

जाऊबाई हळूच म्हणाल्या, “मग आता ऱ्हाणार कुठं?”

“ऱ्हाणार कुठं? उद्या बाजार हाय न्हवं का, दुकान उगडाया नको?”

त्या हसतच बोलल्या. पण नंतर कितीतरी वेळ पदराने डोळे टिपत होत्या. ते पाणी कोणत्या देसासाठी, हे विचारावेसे वाटले आणि आयुष्यात प्रथमच माझे कुतूहल ओठांशी येऊन थांबले.