तिप्पण्णा मापाड्याची मूठ

मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी वॉर्डात उठता-बसता म्हणायचे. तो मंद्रूपला अडतीस वर्षांपूर्वीच जन्मून मोकळा झाला होता, हे मला १९७४ साली कळलं. तिप्पण्णा त्याचं नाव. सोलापूरच्या भवानी पेठेत एका अडत दुकानात तो मापाडी होता. ज्वारी मापताना एकाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. आणि मापाड्याचा हात काय चीज असते, ते ज्यानं धान्य विकलंय त्याला विचारा. तळवा मापावरून फिरला की पसाभर ज्वारी कुठे जाते, ते ब्रह्मदेवालाही उमगत नाही.

मी तेव्हा सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होते. आमच्या हत्तुरे डॉक्टरांकडे एक नवी गोळी तपासायला आली होती. ज्यांचं हृदय थकतं, धाप लागते, पायांना सूज येते, त्यांच्यासाठीची. पण आजाऱ्यांना देण्याआधी ती धडधाकट माणसाला सोसते का, ते बघायचं होतं. त्यासाठी दहा निरोगी गडी जमवले. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. रक्तदाब उतरेल, चक्कर येईल, काही लपवायचं नाही, नको वाटलं तर केव्हाही उठून जायचं. नऊ जणांनी विचारलं, जेवायला कधी सोडणार? तिप्पण्णानं विचारलं, "सुजल्यालं पाय उतरत्यात का सायेब, हिच्यानं?"

"तेच पुढे बघायचंय. आजाऱ्यांपर्यंत जायला अजून दोन-तीन वर्षं लागतील."

"लई झाली की," तो पुटपुटला. मी ऐकलं आणि सोडून दिलं. चूक माझीच.

रोज सकाळी सातला सगळे उपाशीपोटी यायचे. मी एकेकाला गोळी द्यायची, पाणी द्यायचं, "तोंड उघडा, जीभ वर" म्हणून बॅटरी मारून बघायचं. मग दुपारपर्यंत आडवं पाडून, उभं करून रक्तदाब घ्यायचा. मोहोळचा एक पैलवान दुसऱ्या दिवशी उभा राहिला तो थेट माझ्या अंगावर आला. बाकीचेही भिंत धरून चालू लागले. एकटा तिप्पण्णा खांबासारखा. नाडी बघायला मनगट धरलं की मोठ्यानं मोजायचा, "लाभ... दोन... तीन..." आणि माझा आकडा चुकवायचा. पाणी प्यायला की गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी उघडून डोळ्यांना लावायचा. केवढा भाविक, मी म्हणायचे! डॉक्टर तर हरखून गेले होते. "सिस्टर, या माणसाला गोळी बाधतच नाही!"

पोटात गेली असती तर बाधली असती ना. गोळी बोटांच्या बेचक्यात राहायची, घशात जायचं ते नुसतं पाणी, आणि डोळ्यांना लावता लावता गोळी डबीत. देवाची डबी कोण तपासणार?

आता हे कशासाठी, ते सांगते. घरी गौरम्मा होती, त्याची बायको. वर्षभर तिला धाप लागत होती, पायांची बोटं सुजून जोडव्यांत मावेनाशी झाली होती. पण दवाखान्याचं नाव काढलं की ती उंबरा धरून बसायची. तिची आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नव्हती. तिप्पण्णानं हात जोडले, आरडाओरडा केला, अबोला धरला. बाई हलली नाही. तेव्हा यानं ठरवलं, ही दवाखान्यात येत नाही तर दवाखानाच डबीत घालून घरी न्यायचा.

माल साठल्याशिवाय दुकान मांडायचं नाही, ही बाजारातली अक्कल. चार दिवसांच्या चार गोळ्या जमल्यावर त्यानं त्या गौरम्मापुढे ठेवल्या. पुढचं बोलणं दोघांनीही मला इतक्यांदा ऐकवलंय, की मीच तिथे चुलीपाशी बसले होते असं वाटतं.

"देवाच्या डबीत गोळ्या ठिवल्या? लाज न्हाय वाटली?"

"देवाला इचारूनच ठिवल्या. घे, गीळ."

"तुमी खाल्ली?"

"मी कशाला खाऊ? तुज्यासाटी आणली की."

"आदी धडधाकट माणसानं खायाची, त्येला काय झालं न्हाय तर मग आजाऱ्यानं. असंच म्हनला न्हवं डाक्टर?"

"व्हय."

"मग त्यो धडधाकट माणूस कोण?"

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं आमच्या अख्ख्या तपासणीचं मर्म धरलं होतं.

"आदी तुमी," ती म्हणाली.

आलिया भोगासी. त्यानं एक गोळी गिळली. घटकाभर वाट पाहिली, काही झालं नाही. तेवढ्यानं ती ऐकेना, म्हणून दुसरी गिळली. थोड्या वेळानं "बघ, काय झालं?" म्हणत ऐटीत उठला आणि ज्वारीच्या पोत्यांवर उताणा पडला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. दिवस कलायला आला होता. दवाखान्यासमोर टांगा उभा राहिला, आत नवरा आडवा. एक बाई उतरली. ती एक पायरी चढायची, कठडा धरून थांबायची, श्वास गोळा करायची, मग दुसरी. सतरा पायऱ्या होत्या. माझ्या टेबलाशी येऊन तिनं दोन गोळ्या ठेवल्या. "ह्या ऱ्हायल्याल्या. दोन ह्येंच्या पोटात हायत. आदी त्येंच्याकडं बगा." एवढं बोलून ती खाली बसली.

पाय उंच करून सलाईन लावलं, तशी तासाभरात तिप्पण्णाला तरतरी आली. डॉक्टर त्याला झाडायलाच आले होते. चार दिवसांचे आकडे खोटे, वर जिवावरचं संकट. हक्कच होता त्यांचा. पण त्यांची नजर गौरम्माच्या पायांवर गेली आणि ते थांबले. मी थांबले नाही. "अहो, मला सांगायचं होतंत!" मी ओरडले.

"सांगितलं असतं तर दिली असती व्हय?"

नसती दिली. आज विचारलं तरी दिली नसती. त्याचं मला वाईट वाटतं, आणि तरी दिली नसती.

त्याचं नाव तपासणीतून कटलं. गौरम्मा मात्र आयतीच हाती लागली होती, डॉक्टरांनी तिला सोडलंच नाही. जुन्या, माहितीतल्या औषधांनी सूज उतरली आणि पंधरा दिवसांनी ती चालत घरी गेली. मीठ बंद. सोलापुरात बिनमिठाची शेंगाचटणी म्हणजे जन्मठेप! पण पहिला घास तिप्पण्णा घ्यायचा. "आदी मी," म्हणायचा, आणि तोंड वाकडं न करता गिळायचा.

तीन वर्षांनी जुनी औषधं तिला पुरेनाशी झाली. तोवर ती गोळी, मात्रा निम्म्यावर येऊन, आजाऱ्यांवर तपासायला निघाली होती. पहिल्या यादीत गौरम्मा होती. या वेळी पायऱ्या ती कुणी न सांगता चढली. मी तळव्यावर गोळी ठेवली, तिनं गिळली. "तोंड उघडा, जीभ वर." काही नव्हतं. पण मी एकदा पोळलेली. माझं लक्ष खाटेपलीकडे होतं. तिथे तिप्पण्णा उभा, एक मूठ तिच्या पदराआड लपवून.

"तिप्पण्णा, मूठ उघडा."

"ऱ्हाऊ द्या की, शिष्टरबाई."

"उघडा म्हणते ना!"

सगळा वॉर्ड बघत होता. मीच पुढे होऊन पदर बाजूला सारला. मुठीत गौरम्माचं मनगट होतं. मी त्याचं धरायचे तसंच धरलेलं, बोटं नाडीवर. लाजेनं त्याची मान खाली गेली होती, पण ओठ हलायचे थांबले नव्हते. लाभ, दोन, तीन...