पुकाऱ्याच्या बाजूने

आमच्या तालुक्याच्या कोर्टात कोणाचाही खटला उभा राहिला, तरी शेजारचे चाचा त्यात असायचेच. ते वकील नव्हते, कारकून नव्हते, त्यांचं स्वतःचं कोणाशी भांडणही नव्हतं. कोर्टाच्या फाटकासमोर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, एवढाच काय तो संबंध. पण शिपाई दारात येऊन पक्षकारांच्या नावाचा पुकारा करू लागला, की चाचांचा पाय मशीनवरून आपोआप उचलला जाई. कोणी आत जाताना दिसलं नाही, तर गळ्यातली टेप तशीच ठेवून ते धावत सुटत. चहाच्या टपरीवरून, चिंचेखालून माणसं शोधून आणत. एकदा तर आरमोरीच्या एका गृहस्थाला त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी ओढत आणलं होतं. या धावपळीत माझ्या लग्नाच्या सफारीची एक बाही आखूड झाली. तक्रार केली तर म्हणाले, "गुरुजी, बाही उसवता येते. निकाल उसवता येते का?"

कोर्टाचे कागद मागितले की मिळतात, यावरही त्यांची अढळ श्रद्धा होती. नकलेच्या खिडकीपाशी घुटमळणाऱ्या माणसाला ते हाताला धरून पुढे करत. "मागाले काऊन लाजतं बे? तुह्याच केसचा कागद आहे. पोरगी थोडी मागून राह्यला!"

सूरजागडच्या डोंगराकडची एक म्हातारी होती. दिराने शेत बळकावलं म्हणून तिने दावा लावला होता. प्रत्येक तारखेला येई आणि व्हरांड्यात गुडघे जवळ घेऊन बसून राही. एके दिवशी कळलं, दावा फेटाळला गेला. तिचा वकील त्या दिवशी गडचिरोलीला होता. चाचांनी तिच्याकडून अर्ज करवून आदेशाची नक्कल काढली आणि माझ्याकडून वाचून घेतली: पुकारा करूनही वादी गैरहजर.

"गैरहजर? इथीच तं बसून होती!" चाचा कडाडले. "बाई, पुकारा झाला तं उठली काऊन नाई?"

"माहा कुठी झाला?" म्हातारी म्हणाली. "ते तं कोण्या सुगंधाबाईले बोलवून राह्यले होते."

गावात तिला सगळे लेकाच्या नावावरून 'पोचाची माय' म्हणत. सुगंधाबाई हे नाव फक्त कागदावर होतं, आणि ते आपलं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

वकिलाने अर्ज दिला, दावा पुन्हा बोर्डावर आला. त्या तारखेला शिपायाच्या आवाजावर चाचांचा आवाज चढला, "पोचाची माय, चाल!" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"पुकाऱ्याच्या बाजूनं, साहेब."

साहेब हसले नाहीत. पण तेव्हापासून शिपाई पुकाऱ्याच्या तीन हाकांतली तिसरी हाक माणसाच्या गावातल्या नावाने मारू लागला. म्हातारीचं शेत पुढे तिला मिळालं.

चाचा गेले, त्यानंतर चाचींनी वारस दाखल्यासाठी अर्ज केला. दुकान त्यांच्या नावावर झालं तरच घर चालणार होतं. मी सोबत गेलो. शिपायाने दारात येऊन कुण्या बाईचं लांबलचक नाव पुकारलं, मग पुन्हा पुकारलं. चाची डोक्यावरची ओढणी सावरून शांत बसून होत्या. मीही बसून होतो. शिपायाने सवयीने समोरच्या बंद दुकानाकडे पाहिलं. तिकडून कोणी धावत आलं नाही.

तिसरी हाक त्याने मारलीच नाही. तो पायऱ्या उतरून आमच्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "चाची, चला. तुमचाच पुकारा होता."